नाताळची गव्हाण, आपल्या कोठ्यातली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या छोट्या चर्चमध्ये नाताळचा देखावा मांडून झाला होता. बाजारातून आणलेला प्लास्टरचा संच, प्लायचं घर आणि छपरावर पसरलेला कापसाचा बर्फ. शेजारचे आबाजी, जन्मभर बैलजोडी राखलेला माणूस, बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "बाई, सारं बेस हाय. पण याच्यात दावण कुठी हाय? बैल बांधते कुठी?"

तेव्हा मी तो देखावा पहिल्यांदा त्यांच्या नजरेनं पाहिला. बैल होता, खुंटा नव्हता. गव्हाण म्हणून जे ठेवलं होतं ते पाळण्यासारखं दिसत होतं. आणि जो कापूस बाया दिवसभर वाकून वेचतात, तो आम्ही बर्फ म्हणून छपरावर टाकला होता. पुढच्या वर्षापासून आम्ही संच पेटीतच ठेवला आणि देखावा गावातल्या सामानातून करू लागलो. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), कडबा, माती. चुकत चुकत जे जमलं ते इथे सांगते. घरी, शाळेत, मंडळीत, कुठेही करता येईल. आमच्याकडे ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही हात लावायला येतात. मातीच्या मूर्तींची त्यांची जाण आमच्यापेक्षा चांगली असते, कारण भाद्रपदात भुलाबाई त्यांच्या घरी बसते.

आधी शास्त्र काय सांगतं ते वाचा

काम सुरू करण्याआधी मुलांना घेऊन लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचावा. तिथे गोठ्याचा शब्दही नाही. मरीयेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच लिहिलं आहे. बैल आणि गाढवही तिथे नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला ओळखतं असं म्हटलं आहे. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत आणि ते तीन होते असंही तिथे लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. बेथलेहेमच्या चर्चमध्ये आजही जी जन्माची जागा दाखवतात ती गुहा आहे.

म्हणजे पक्की वस्तू एकच, गव्हाण. बाकीचं घर प्रत्येक देशानं आपापल्या अंगणातून उचललं. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री पेंढा भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून उपासना केली. गावातली माणसं मशाली घेऊन आली. देखाव्याच्या प्रथेची मोठी सुरुवात तिथून मानतात. पुढे नेपल्सच्या कारागिरांनी बाळ येशूभोवती अख्खा बाजार उभा केला: मासे विकणारे, पाव भाजणारे, खानावळीतली गिऱ्हाइकं. सान ग्रेगोरिओ आर्मेनो या तिथल्या गल्लीत आजही हेच काम चालतं. आपल्याकडे केरळात या देखाव्याला पुल्क्कूड म्हणतात, म्हणजे गवताचा खोपा. तेव्हा वऱ्हाडातला देखावा वऱ्हाडी कोठ्यासारखा, म्हणजे आपल्या गोठ्यासारखा दिसला तर ती परंपरेला धरूनच असलेली गोष्ट आहे. कुणी शंका घेतली तर मी हेच सांगते.

सामान आणि त्याचा हंगाम

पऱ्हाट्या आणि तुराट्या डिसेंबरात ताज्या मिळत नाहीत. कपाशी तेव्हा वेचणीत उभी असते आणि तूर शेंगेवर. जळणासाठी रचून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या ढिगातून काढाव्या लागतात, आणि त्याच कामाला बऱ्या, कारण पूर्ण वाळलेल्या असतात. एक काळजी घ्या. पऱ्हाटीला अडकलेली वाळकी, किडकी बोंडं तिथेच तोडून जाळून टाका. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते.

सोयाबीनचं कुटार ऑक्टोबरात निघतं, ज्वारीचा कडबा त्यानंतर. दोन्ही नाताळला ताजं असतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची तणस मिळेल. ती कडब्यापेक्षा मऊ आणि छपराला जास्त चांगली. कुटार आणल्यावर सुपात पाखडून दोन दिवस उन्हात टाका. दाणे राहिले तर रात्रीतून उंदीर येतात. आमचं पहिल्या वर्षीचं एक मेंढरू त्यांनी पोखरलं, कारण पोटात आम्ही न पाखडलेलं कुटार भरलं होतं.

याशिवाय: बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या अंगठ्याएवढ्या जाड दुबेळक्याच्या (टोकाला दोन फाटे फुटलेल्या) काटक्या, सुतळी, बाभळीचा डिंक, गेरू, चुना, नीळ, काजळी, थोडा सरकी काढलेला कापूस, जुन्या लुगड्याचे आणि धोतराचे तुकडे. पाया म्हणून जुन्या दाराची फळी किंवा दोन बाकं जोडून त्यावर प्लाय. चार फूट बाय तीन फूट जागा पुरते.

माप एकदाच ठरवा

बाजारच्या संचात हमखास खटकतं ते माप. बाळ आईच्या निम्म्याएवढं आणि मेंढी बैलाएवढी. आम्ही वीत धरतो. मोठं माणूस एक वीत, म्हणजे नऊ इंच. त्या हिशेबानं बैल खांद्याशी साडेसहा इंच, गाढव पाच, मेंढी साडेतीन, उंट साडेदहा. नवजात बाळ पावणेतीन इंच. बाळ एवढं लहान केलं की मुलांना आधी वाटतं, हे दिसणारच नाही. पण ते लहान असतं म्हणूनच बघणारा वाकतो.

कोठा पुढून बारा इंच उंच, आड्याशी (छपराच्या मधल्या आडव्या लाकडाशी) अठरा इंच, रुंदी दोन फूट, खोली सव्वा फूट. पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवा.

माती वाळताना आकसते, म्हणून प्रत्येक मूर्ती तिच्या मापाच्या प्रमाणात थोडी मोठी करा, वीतभर मूर्ती बोटाच्या पेराएवढी.

माती

इथे आम्ही पहिल्या वर्षी सपशेल फसलो. शेतातली काळी माती भिजवली, मुलांनी दोन दिवस खपून मरीया आणि योसेफ केले, आणि चौथ्या दिवशी मरीयेच्या खांद्यापासून पायापर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. मी ती मूर्ती घेऊन कुंभारवाड्यात गेले. तिथल्या मावशींनी ती हातात फिरवली आणि म्हणाल्या, "काया मातीत कापूस होते बाई, मूर्त नाई होत."

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तेवढीच आकसते. उन्हाळ्यात वावरात भेगा पडतात त्या यामुळेच. मूर्तीसाठी कुंभाराची कमावलेली तळ्याच्या गाळाची माती घ्या, सांगून आणि पैसे देऊन. तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू आणि मूठभर पिंजलेला कापूस. कापूस एकदम टाकू नका, त्याचे गोळे होतात. बोटांनी विसविशीत करून चिमूट चिमूट टाकत मळा. तंतू मातीत पसरले की ते तिला आतून धरून ठेवतात. मळलेली माती ओल्या गोणपाटात रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी पुन्हा मळा. हाताला चिकटणं बंद झालं आणि वळी वाकवली तरी कडेला चिरली नाही, म्हणजे माती तयार.

उभ्या मूर्तीच्या आत तुराटीचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर मान आणि घोटे टिकत नाहीत. पण नुसती काडी घातली की माती तिच्याभोवती आकसून तडकते. काडीवर आधी कापसाची सैल वळ गुंडाळा. हात अंगाला चिकटलेले ठेवा. पसरलेला हात पहिल्याच हाताळणीत तुटतो.

वाळवणं सावलीत, आठ दिवस. पहिले दोन दिवस वरून ओलसर फडकं. उन्हात ठेवण्याची घाई करू नका. मूर्ती भाजायची असेल तर आत काडी चालणार नाही. खालून पोकळ करून, पूर्ण वाळवून कुंभाराच्या आव्यात द्यावी. भरीव मूर्ती आव्यात फुटते. आम्ही भाजत नाही. कच्च्या मूर्ती नीट ठेवल्या तर चार-पाच वर्षं जातात.

माणसं

मरीया बसलेली करा, बाळंतीण आहे ती. आमच्याकडे ती भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन, डोक्यावरून पदर घेऊन बसलेली असते. लुगड्याचा तुकडा खळीत बुडवून, पिळून ओल्या अंगावरच नेसवा. खळ वाळली की घड्या जागच्या जागी बसतात. पदर कानामागून घ्यायचा, कपाळ उघडं ठेवायचं. ही मूर्ती मुली करतात आणि त्यांना फार सांगावं लागत नाही. घरी कुणी ना कुणी बाळंतीण त्यांनी पाहिलेली असते.

योसेफ सुतार होता. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. त्याच्यामागे कुडाला (काड्यांच्या भिंतीला) एक छोटा वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि करवत टांगा. गावातल्या सुतारकाकांनी आम्हाला बोटाएवढा वाकस करून दिला आहे, सागाच्या दांड्याचा. दरवर्षी ते येऊन तो जागेवर आहे का ते बघतात.

देवदूतांनी सगळ्यात आधी वार्ता सांगितली ती रात्री मेंढरं राखणाऱ्यांना. आपल्याकडे तो माणूस शोधावा लागत नाही. घोंगडी, काठी, डोक्याला पटका असा धनगर करा. गडचिरोली-चंद्रपुरात कुरमार करा. घोंगडीसाठी काळ्या लोकरीचा खरा तुकडा मिळवा, कापडानं ते वजन येत नाही.

मागी लोकांसाठी उंट लागतात. आमच्या मुलांनी उंट पाहिले आहेत, पुस्तकात नव्हे, वावरात. मेंढरांचे कळप आणि उंटांवर बिऱ्हाड घेऊन कच्छ-काठेवाडचे लोक विदर्भात उतरतात. त्यामुळे उंटाच्या पाठीवर काय काय लादतात, बाज कशी उलटी बांधतात, लहान पोरं आणि कोंबड्या कुठे बसवतात, हे पोरांना पाठ आहे. ते सगळं त्या मूर्तीत येऊ द्या.

आता गावातले लोक. नेपल्स आणि फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. राज्यक्रांतीच्या काळात प्रोव्हान्समधली चर्च बंद झाली, तेव्हा लोक घरोघरी लहान देखावे मांडू लागले. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येल या कारागिरानं साच्यातून मातीच्या स्वस्त मूर्ती काढल्या आणि साध्या माणसाला त्या परवडू लागल्या. त्यांना सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत. मार्सेयमध्ये १८०३ पासून त्यांचा बाजार भरतो. त्या छोट्या संतांमध्ये पिठाच्या गिरणीवाला आहे, चाकूला धार लावणारा आहे, कोळीण आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या कामातली काहीतरी भेट.

आमच्याकडे वेचणीवाली बाई येते. ओटीत कापूस भरलेला, आणि तो खरा कापूस. नाताळ म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. संत्रीवाला येतो, आंबिया बहाराची संत्री तेव्हा निघून गेलेली किंवा संपत आलेली असतात, त्यासाठी हरभऱ्याएवढ्या मातीच्या गोळ्या गेरू आणि पिवळ्या मातीत रंगवून टोपलीत टाकतो. हुरडा घेऊन येणारा म्हातारा, डोक्यावर सरपणाचा भारा असलेली आजी, शाळेचं दप्तर घेतलेली मुलगी. दरवर्षी एकच नवीन माणूस वाढवा आणि ते कोण असावं हे मुलांना ठरवू द्या. गेल्या वर्षी त्यांनी आशाताई केली, हातात औषधाची पिशवी दिली आणि मरीयेच्या सगळ्यात जवळ बसवली.

जनावरं

बैल करायचा तर आपला करा. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात पांढरी, लांबट तोंडाची, अंगानं हलकी. वशिंड विसरू नका. परदेशी चित्रं बघून केलेल्या बैलाला ते नसतं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घरोघरी माळ्यावर पडलेले असतात. त्यातला मापाचा एखादा मिळाला तर चाकं काढा, झूल काढा, रंग पॉलिश पेपरनं घासून वर चुन्याचा हात द्या. आमच्या देखाव्यातला बैल असाच एका घरातून आला. ज्या मुलाचा तो होता तो आता पुण्याला नोकरीला आहे. नाताळात फोनवर फोटो मागवतो.

बैल बसलेला असावा, रवंथ करताना असतो तसा, मान वळवलेली. त्याला दावं, म्होरकी आणि खुंटा द्या. दावण गव्हाणीच्या बाजूनं घ्या म्हणजे त्याचं तोंड आपोआप बाळाकडे येतं. गाढव कुंभारवाड्यातलं आहे, मावशींनीच केलेलं. मेंढ्यांना लोकर म्हणून कापूस चिकटवा, काळ्या तोंडाच्या दोन-तीन ठेवा.

कोठा उभारणं

चार कोपऱ्यांच्या मेढी (उभे खांब) आणि मधल्या दोन उंच मेढी फळीला भोक पाडून ठोका. नुसत्या मातीत रोवल्या तर माती वाळल्यावर हलायला लागतात. दुबेळक्यात आडं ठेवा, त्यावरून दोन्ही बाजूंना काटक्यांचे फाटे, आणि सुतळीनं आवळा. खिळे इथे वापरू नका, बारीक काटकी चिरते.

तिन्ही बाजूंना कुड. तुराट्या सारख्या लांबीच्या तोडून दाटीनं उभ्या करा, सुतळीनं दोन ठिकाणी विणा. मग काळी माती, शेण आणि बारीक कुटार कालवून आतून-बाहेरून लिंपा. काळी माती इथे चालते. भेगा पडल्या तर पडू द्या, खऱ्या कुडालाही पडतात. वाळल्यावर खालच्या भागाला गेरूचा पट्टा आणि वर पांढरी माती.

छपराला दोन पर्याय. सोपा, कडब्याच्या पात्यांच्या किंवा तणसेच्या जुड्या खालून वर एकावर एक बांधत जाणं. दुसरा, कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि मला हाच आवडतो. जाड मार्कर पेनावर राख लावा, म्हणजे माती चिकटत नाही. दोन इंच रुंद मातीची पातळ पट्टी त्यावर गुंडाळा, जोड बोटानं मिटवा, आणि दोरा ताणून उभी दोन बाजूंनी कापा. पेन हलकेच फिरवून काढा. दोन अर्धगोल कवेलू हातात येतात. कापलेल्या कडा लगेच पुसू नका, ओल्या बोटानं त्या वाकड्या होतात; अर्ध्या वाळल्यावर पुसा. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, प्रत्येक रांग खालच्या रांगेवर थोडी चढलेली. खालून वर जायचं. फक्त पुढच्या उतारालाच साडेतीनशेच्या आसपास लागतात, मागे कडबा घाला. साडेतीनशे ऐकून घाबरू नका. वीस मुलं दोन दुपारी करतात, आणि ज्यांच्या घरावरचे कवेलू जाऊन टीन आले आहेत ती म्हातारी माणसं शेजारी बसून चुका सांगतात.

गव्हाण शेवटी करा आणि सगळ्यात मन लावून करा. मातीची, एक बाजू भिंतीला, दुसरी बाजू बैलाकडे थोडी उतरती, कारण जनावराच्या मानेनं ती बाजू झिजलेली असते. आत आधी कुटार, त्यावर मऊ कडब्याची पानं, त्यावर कापूस, मग बाळ. एक मूठ कुटार बैलाच्या तोंडासमोर सांडलेलं.

रंग

गेरू, चुना, काव, नीळ, काजळी. सगळ्यात डिंकाचं पाणी. चुन्याच्या हातावर हळद लावू नका, हळद-चुना एकत्र आले की लाल होतात. एका देवदूताचे पंख आमच्याकडे असे कुंकवासारखे झाले. पिवळ्यासाठी पिवळी माती वापरा. पळसाची फुलं डिसेंबरात नसतात, पण फागुनात वाळवून ठेवली असतील तर त्यांचं पाणी कापडाला सुंदर केशरी रंग देतं. बाळाचं बाळंतं आम्ही त्यात बुडवतो. डोळे काजळीनं, उदबत्तीच्या काडीच्या टोकानं, एका दमात.

हिरवळ, आकाश, तारा

प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात आणि उगवलेली हिरवळ देखाव्याजवळ ठेवतात. गोव्यात नाचणी पेरून शेतं करतात. आपल्याला घटाची सवय आहेच. पळसाच्या पत्रावळीत माती घेऊन १२ तारखेच्या सुमारास गहू पेरा. थंडीत उगवायला वेळ लागतो, म्हणून दाणे रात्रभर भिजवा आणि पहिले तीन दिवस झाकून उबेला ठेवा. नाताळपर्यंत चार बोटं वर येतो. तो कोठ्याच्या मागे ओळीत लावला की रब्बीचं वावर तयार.

आकाशासाठी निळीत रंगवलेलं धोतर. तारे सुईनं टोचा आणि मागून दिवा. वाटेल तसे टोचू नका. २४ डिसेंबरला रात्री नऊला मुलांना अंगणात न्या. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं, तीन तारे एका रेषेत, आणि त्याच्या वर कृत्तिकांचा पुंजका. तेच कापडावर उतरवा.

मोठा तारा कागदाचा आणू नका. कापूस काढून घेतलेलं वाळकं बोंड घ्या, किडकं नको, स्वच्छ. त्याच्या चार-पाच पाकळ्या उघडून कडक झालेल्या असतात, टोकं अणकुचीदार. देठाकडून धरून बघा, तो तारा आहे. चुन्यात एकदा बुडवून वाळवा आणि तारेनं कोठ्याच्या आड्यावर टांगा. मागे छोटा दिवा आला की पाकळ्यांच्या सावल्या कुडावर पडतात.

दिवे

पणती, मेणबत्ती, उदबत्ती यांतलं काहीही देखाव्यात नको. कडबा, कुटार आणि कापूस एकत्र असताना ठिणगी पुरते. मेणबत्त्या दोन हात लांब, वेगळ्या टेबलावर. आत फक्त एलईडी, आणि शक्यतो पॉवर बँकवर चालणारी छोटी माळ. वीज गेली तरी देखावा उजळलेला राहतो आणि उघड्या वायरीची भीती नाही. एक पिवळा दिवा गव्हाणीच्या वर, आडोशाला. दुसरा आकाशामागे. बस. रंगीत उघडझाप करणाऱ्या माळा लावल्या की मातीचा रंग मरतो. जवळ वाळूची बादली ठेवा.

जगातल्या गव्हाणी, गावच्या सामानातून

मुलांच्या हाताला काम हवं असेल तर मुख्य देखाव्याच्या बाजूला चार-पाच देशांच्या छोट्या गव्हाणी मांडा. प्रत्येकीत तत्त्व एकच: तिथल्या लोकांनी जवळ जे होतं ते वापरलं.

पोलंडमधल्या क्राकूवची शोप्का सगळ्यात झगमगती. हिवाळ्यात बांधकामं बंद पडली की तिथले गवंडी आपल्या शहरातल्या चर्चचे मनोरे पुठ्ठ्यात करून, रंगीत चांदी-कागदानं मढवून घरोघर नेत. १९३७ पासून तिची स्पर्धा होते आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं तिच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. चॉकलेटचे, तंबाखूच्या पुड्यांचे चकचकीत कागद महिनाभर जमवा आणि आपल्या तालुक्याच्या गावातली मोठी इमारत पुठ्ठ्यात करा. बाळ येशू खालच्या दारात नव्हे, पहिल्या मजल्यावर मध्यभागी.

पेरूच्या अयाकुचो भागात दोन दारं उघडणारी रंगीत लाकडी पेटी असते, आत मजल्यांवर मूर्ती. बटाट्याचा लगदा आणि प्लास्टर मळून त्या करतात. आपण काडेपेट्यांचा मोठा खोका घ्यावा, दारांवर लाल-पिवळी फुलं रंगवावी, आणि उकडलेल्या बटाट्यात खडूची भुकटी मळून मूर्ती कराव्यात. वाळल्यावर लगेच रंगवा, नाहीतर मुंग्या येतात. बैलाच्या जागी लामा, कानटोपी घातलेला मेंढपाळ.

मेक्सिकोतल्या ओअहाकात १८९७ पासून २३ डिसेंबरला मुळ्यांची रात्र होते. मोठाले लाल मुळे कोरून त्यांचे देखावे मांडतात. आपल्याकडे पांढरा मुळा आणि गाजर डिसेंबरात भरपूर. चाकूचं काम मोठ्यांनी करावं. दोन तासांत कोरीव काम मलूल होतं, म्हणून शेवटच्या संध्याकाळीच करा आणि वरून पाणी शिंपडत राहा.

केनियात केळीच्या सोपटाच्या मूर्ती होतात. वाळकं सोपट पाण्यात भिजवून तारेवर गुंडाळलं की अंग आणि पोशाख दोन्ही एकाच वस्तूत होतात. टांझानियाचे माकोंदे कारागीर काळ्या, जड लाकडात कोरतात, ते झाड आपल्या शिसवाच्याच कुळातलं. सुतारकाकांकडे शिसवाचा तुकडा पडला असेल तर नुसती आई आणि बाळ, चेहऱ्याशिवाय, एकाच आकारात कोरून घ्या.

मांडणीचे दिवस

२३ तारखेला कोठा, जनावरं आणि गव्हाण. गव्हाण रिकामी. धनगर अजून लांब, गव्हाच्या वावरापलीकडे. २४ च्या रात्री उपासनेत लूकचा उतारा वाचत असताना मंडळीतल्या सगळ्यात लहान मुलानं बाळ आणून ठेवायचं. त्या रात्री मुलं मेंढरं पुढे सरकवतात. नंतर रोज एक-एक गावकरी आत येतो.

मागी लोकांना फळीच्या अगदी पूर्वेच्या टोकाला ठेवा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते पोहोचतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते घरात आले असं लिहिलं आहे, म्हणून त्या दिवशी आम्ही बाळाला गव्हाणीतून काढून मरीयेच्या मांडीवर देतो.

काढताना

मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळका पाला टाकून टीनच्या पेटीत ठेवा, जड खाली, माणसं वर. बाळ वेगळ्या डबीत, कारण हरवतं तेच. बोंडाचा तारा तारेसकट ठेवा. कवेलू रांगेनं दोऱ्यात ओवा, पुढच्या वर्षी मोजायला सोपे. रंग, खळ किंवा तार लागलेलं कुटार आणि कडबा वेगळा काढून जाळा, तो जनावरापुढे टाकू नका. स्वच्छ उरलेलं टोपल्यात भरा. आमच्याकडे ते आबाजींच्या कोठ्यात जातं.